वसई कोटातील वारसाफेरी : मार्ग, निवेदक आणि ‘आपण’

१. स्वरूप आणि पूर्वपरंपरा

एखाद्या जुन्या नगराच्या अवशेषांतून जाणत्या माणसाच्या मागोमाग पायी हिंडणे, तो थांबेल तेथे थांबणे आणि तो सांगेल ते समोरच्या दगडाशी ताडून पाहणे, या प्रकारास अलीकडे ‘हेरिटेज वॉक’ किंवा ‘वारसाफेरी’ असे नाव रूढ झाले आहे. सहसा हा पर्यटनाचा एक प्रकार मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकास त्यातून काही हाती लागेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. परंतु अशा फेरीत एक निवेदक असतो, श्रोते असतात, प्रसंगांची एक निवडलेली क्रमवारी असते आणि त्या क्रमवारीतून अर्थ निर्माण केला जातो. कथनाची ही सारी अंगे तेथे उपस्थित असल्यामुळे वारसाफेरी हा मौखिक कथनाचा एक स्वतंत्र प्रकार ठरतो. त्याचे वेगळेपण एवढेच की, येथे कथनाचा क्रम पायांनी ठरतो. ग्रंथात पान उलटावे तसे येथे स्थळ मागे पडते आणि नवे स्थळ पुढे येते.

मराठीला हा प्रकार सर्वस्वी नवा नाही. चौदाव्या शतकातील महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’ हे त्याचे ठळक पूर्वरूप होय. श्रीचक्रधरांनी जेथे जेथे वास्तव्य केले, त्या स्थानांची नोंद या ग्रंथात गावागणिक केलेली आहे. गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ आहे, त्याचे तोंड कोणीकडे आहे, त्याच्या कोणत्या अंगास वसती झाली, अशा तपशिलांवर या ग्रंथाची वाक्यरचना उभी आहे. ‘लीळाचरित्र’ प्रसंग सांगते, तर ‘स्थानपोथी’ त्या प्रसंगाचे भूमीवरील ठिकाण सांगते. यात्रिकाने एक हाती घेऊन दुसऱ्याचे स्मरण करीत चालावे, अशी ही योजना आहे. क्षेत्रमाहात्म्यांनीही हेच केले. तीर्थाचा क्रम, प्रदक्षिणेची दिशा आणि प्रत्येक ठिकाणची कथा यांची सांगड त्यांनी घातली. पुढे १८६३ मध्ये गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथाने लौकिक शहराला वर्णनाचा विषय केले. वारसाफेरीचा निवेदक यांपैकी एकही ग्रंथ डोळ्यांसमोर ठेवत नसेल, तरी तो ज्या रीतीने बोलतो ती रीत या परंपरेला परिचित आहे.

प्रस्तुत लेखात या प्रकाराचा विचार पालघर जिल्ह्यातील वसईच्या किल्ल्याच्या आधारे केला आहे. फेरीचा मार्ग कथेचे तात्पर्य कसे ठरवतो, निवेदक आपल्या विधानांना पुरावा कसा जोडतो आणि ‘आपण’ हे सर्वनाम वापरताना तो श्रोत्यांना कोठे उभे करतो, हे तीन प्रश्न येथे तपासले आहेत.

२. वसई कोटाचे थर

वसईचा किल्ला खाडीच्या मुखाशी आहे. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. गर्सिया द सा या पहिल्या कप्तानाने गव्हर्नर नूनू द कुन्हा याच्या आज्ञेने १५३६ मध्ये गढी बांधल्याचे सांगणारा शिलालेख या कोटात मिळाला आहे. पुढे या गढीभोवती तटबंदीचे नगर वाढले आणि वसई पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या संघांची चर्चे व मठ, सेंट जोसेफचे मुख्य चर्च, अधिकाऱ्यांचे वाडे, बाजार आणि तुरुंग यांनी हे नगर भरलेले होते. १६७५ च्या सुमारास येथे आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज प्रवाशाने दुमजली घरांच्या, शिंपल्यांची तावदाने लावलेल्या मोठ्या खिडक्यांचे वर्णन केले आहे. त्याच सुमारास, १६७४ मध्ये, मस्कतच्या अरबांनी वसईवर हल्ला करून कोटाबाहेरील चर्चे लुटली होती. वैभव आणि धास्ती अशी शेजारी नांदत होती.

१७३७ मध्ये साष्टीवर चालून गेलेल्या मराठी फौजेची मोहीम १७३९ च्या मे महिन्यात वसई हाती येऊन पूर्ण झाली. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली तटाखाली सुरुंग खणण्यात आले, सेंट सेबास्टियन बुरुजाच्या बाजूस खिंडार पडले आणि दोन्ही बाजूंची मोठी हानी होऊन किल्ल्याने शरणागती पत्करली. मराठी अंमलात वसईस ‘बाजीपूर’ हे नाव देण्यात आले आणि शंकराजी केशव फडके यांच्याकडे सरसुभ्याचा कारभार आला. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने वसई घेतली, ती १७८२ च्या सालबाईच्या तहाने मराठ्यांकडे परत आली. अखेर ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईतच. त्रेसष्ट वर्षांपूर्वी जेथे मराठी सत्तेने आपला मोठा विजय मिळवला होता, त्याच गावाचे नाव तिच्या स्वातंत्र्याच्या अंताला जोडले गेले.

या सर्व थरांच्या आधीचाही एक थर याच परिसरात आहे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले आणि अशोकाच्या शिलाशासनाचा अंशही सोपाऱ्यासच उजेडात आणला. म्हणजे वसईच्या इतिहासाचा आरंभ १५३४ मध्ये करणे हीदेखील निवेदकाची निवडच असते.

३. मार्ग आणि कथानक

किल्ल्यास दोन मुख्य दरवाजे आहेत. एक भूदरवाजा आणि दुसरा समुद्रदरवाजा. वसई गावातून येणारा रस्ता जमिनीच्या बाजूने कोटात शिरतो. त्यामुळे बहुतेक फेऱ्या भूदरवाज्याच्या बाजूने सुरू होणे स्वाभाविक आहे. या प्रारंभाचा कथानकावर होणारा परिणाम मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. जमिनीकडून येणारा श्रोता हा वेढा घालणाऱ्या फौजेच्या जागी उभा राहतो. तटाची उंची, दरवाज्यातील मुद्दाम वळवलेली वाट, बुरुजांवरून होऊ शकणारा मारा, हे सारे त्याला हल्लेखोराच्या नजरेने दिसते. निवेदन आपोआप १७३९ च्या दिशेने सरकते. पुढे किल्ल्यातील चिमाजी आप्पांचे स्मारक आणि नागेश्वराचे मंदिर यांपाशी कथा आपला उत्कर्षबिंदू गाठते. चर्चांचे अवशेष त्यानंतर आले तर ते जिंकलेल्या नगराचे अवशेष म्हणून दिसतात.

हीच फेरी समुद्रदरवाज्यापासून सुरू केली तर कथानक उलटे होते. तेथे श्रोता जहाजातून उतरलेल्या माणसाच्या जागी असतो. प्रथम धक्का, मग दरवाजा, मग सेंट जोसेफचे मुख्य चर्च, मग बाजार व बालेकिल्ला, असा नगराच्या वाढीचा क्रम त्याच्या पुढ्यात येतो. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस याच्या कारकिर्दीत, १६०१ मध्ये, हे मुख्य चर्च पुन्हा बांधल्याचे शिलालेखावरून कळते. जेझुइट चर्चमधील थडग्यांवर त्या संस्थेस देणग्या देणाऱ्या विधवांची नावे आहेत. त्यांपैकी इझाबेल द आगियार १५९१ मध्ये आणि फिलिपा द फोन्सेका १६२८ मध्ये मृत्यू पावली. वसईत जन्मलेले, जेझुइटांकडे शिकलेले, व्यापारानिमित्त जपानला गेलेले आणि फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केल्यावर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीस हौतात्म्य पत्करणारे गोन्सालो गार्सिया यांची कथाही या मार्गावर सहज येते. त्यांना १८६२ मध्ये संतपद देण्यात आले. या क्रमात १७३९ हे वर्ष शेवटच्या प्रकरणासारखे येते आणि त्याचा स्वर शोकात्म होण्याची शक्यता असते.

तिसरा मार्ग क्वचितच निवडला जातो. किल्ल्याला लागून किल्लाबंदर आणि पाचूबंदर या कोळी वस्त्या आहेत. त्यांच्यासाठी किल्ला हे प्रेक्षणीय स्थळ नाही, तो येण्याजाण्याचा रस्ता आहे. बंदराकडून फेरी सुरू झाली तर पहिल्या दोन मार्गांत जे निव्वळ पार्श्वभूमीत राहिले होते ते लोक कथेच्या मध्यभागी येतात. राज्ये बदलली तरी खाडी, भरती-ओहोटी आणि मासळी यांवर चालणारे जीवन चालूच राहिले. या मार्गाला उत्कर्षबिंदू नाही. त्याला सातत्य आहे. म्हणूनच कथक म्हणून तो अधिक अवघड आहे.

दगड तेच, तारखा त्याच, तरी तीन मार्गांतून तीन कथा निघतात. पहिली विजयाची, दुसरी ऱ्हासाची आणि तिसरी वस्तीची. यांपैकी एकही खोटी नाही. पण श्रोत्याला एकाच मार्गाने नेले आणि दुसरे मार्ग आहेत हे सांगितले नाही, तर ती अपुरी राहते. बखरकार प्रसंगांची निवड करून जे साधतो, ते निवेदक दरवाज्याची निवड करून साधतो, असे म्हणता येईल.

४. पुरावा आणि ‘म्हणे’

वारसाफेरीतील विधाने एकाच जातीची नसतात. काही विधाने दगडावरून वाचलेली असतात, काही कागदपत्रांवरून घेतलेली, तर काही लोकपरंपरेतून आलेली. ग्रंथात ही प्रतवारी तळटीपांनी दाखवता येते. उघड्यावर बोलणाऱ्या निवेदकाला ती सोय नाही. परंतु मराठी भाषेनेच त्याला एक साधन दिले आहे. ‘लिहिले आहे’, ‘नोंद आहे’, ‘सांगतात’ आणि ‘म्हणे’ ही त्या साधनाची चढती-उतरती पायरी होय. ‘म्हणे’ हे एक लहानसे अव्यय विधानाची जबाबदारी वक्त्याकडून परंपरेकडे नेते आणि तरीही विधान जिवंत ठेवते.

वसईच्या मोहिमेविषयीची विश्वसनीय साधने विपुल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या मालिकेत या मोहिमेला स्वतंत्र खंड मिळाला. चिमाजी आप्पांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेले पत्र विजयानंतरच्या मनःस्थितीचे साधन म्हणून प्रसिद्ध आहे. य. न. केळकरांनी या मोहिमेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पोर्तुगीज बाजूची साधने आणि शिलालेख यांच्या आधारे जे. जर्सन द कुन्हा यांचा चौल व वसईवरील ग्रंथ १८७६ मध्ये निघाला. हे सारे ‘नोंद आहे’ या वर्गात येते.

याउलट, किल्ला हाती येत नाही तर माझे शिर तोफेने तरी आत टाका, असे चिमाजी आप्पा उद्विग्नपणे म्हणाले, ही कथा लोकप्रिय आहे. पराभूत पक्षाच्या स्त्रीला त्यांनी सन्मानाने परत पाठवले, ही कथाही पुन्हा पुन्हा सांगितली जाते. दुसऱ्या कथेचे कथाबीज मराठी श्रोत्यास लगेच ओळखू येते. शिवाजी महाराज आणि कल्याणच्या सुभेदाराची सून या आख्यायिकेची ती प्रतिकृती आहे. वीरपुरुषाची थोरवी शत्रूच्या स्त्रीशी केलेल्या वर्तनाने सिद्ध करावी, ही परंपरेची रीत आहे आणि एकाच भूभागातील दोन मोहिमांना तिने एकच सांचा दिला. वज्रेश्वरीला केलेल्या नवसाची कथा त्याच वर्गातली असली, तरी तिच्यामागे भिवंडी तालुक्यातील देवीचे मंदिर हा प्रत्यक्ष पुरावा उभा आहे. नवसाचा प्रसंग पडताळता येत नाही, पण त्या नवसावरील श्रद्धा पडताळता येते.

पुराव्याचा चौथा प्रकार किल्ल्याबाहेर विखुरलेला आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातील घंटेवर १७२१ आणि वाईजवळील मेणवलीच्या घंटेवर १७०७ ही वर्षे आहेत. परंपरा या घंटांचा संबंध वसईच्या मोहिमेशी जोडते. चर्चच्या मनोऱ्यातील घंटा देवळात आली आणि तिचा आवाज तोच राहिला, हे दृश्य कोणाही निवेदकास मोह घालणारे आहे. येथेही ‘वर्ष कोरलेले आहे’ आणि ‘वसईहून आणली असे सांगतात’ ही दोन विधाने निराळी ठेवणे आवश्यक ठरते. आख्यायिका वगळल्याने फेरी रुक्ष होईल आणि पुरावा वगळल्याने ती पोकळ होईल. दोहोंना आपापल्या क्रियापदांत ठेवणारा निवेदक श्रोत्याला कथेचा आनंदही देतो आणि तिचे स्वरूपही कळवतो.

भाषेचा पुरावा या सर्वांहून जवळचा आहे आणि तो श्रोत्याच्या तोंडीच असतो. चावी, पगार, लिलाव, तुरुंग, घमेले, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांच्या संपर्काने मराठीत आले. तुरुंगाच्या भग्न भिंतीपाशी उभा राहून ‘तुरुंग’ म्हणणारा श्रोता स्वतःच एक साधन झालेला असतो.

५. ‘आपण’ कोण?

वारसाफेरीच्या भाषेतील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘आपण’ हा आहे. मराठीत ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते आणि ‘आपण’ त्याला सामावून घेते. फेरीत निवेदक प्रथम म्हणतो, “आता आपण बुरुजाकडे जाऊ.” हे ‘आपण’ चालणाऱ्या समूहाचे आहे आणि त्यात सर्वजण निर्विवादपणे येतात. थोड्या वेळाने त्याच बुरुजापाशी तो म्हणतो, “येथून आपण किल्ला घेतला.” सर्वनाम तेच राहिले, पण त्याचा आशय बदलला. चालणारा समूह एकाएकी १७३९ ची फौज झाला. हा बदल इतका सहज होतो की वक्त्यालाही तो जाणवत नाही.

वसईत हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. या फेरीत सामील होणाऱ्यांत वसईचे ख्रिस्ती विद्यार्थी आणि शिक्षक असू शकतात. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांतील या लोकांचे पूर्वज याच भूमीतले. त्यांच्या घरात सामवेदी अर्थात कादोडी, वाडवळी, कोळी अशा मराठीच्या बोली बोलल्या जातात आणि त्यांची उपासनाही मराठीतून होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईत राहून ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन दीर्घकाळ केले, मराठीत विपुल लेखन केले आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. अशा समाजातील श्रोता ‘आपण किल्ला घेतला’ हे वाक्य ऐकतो तेव्हा तो त्या ‘आपण’मध्ये असतो की समोरच्या ‘ते’मध्ये ढकलला जातो? धर्म ख्रिस्ती म्हणून पूर्वज पोर्तुगीज, असा हिशेब निवेदनात नकळत मांडला गेला तर या भूमीचे जुने रहिवासी आपल्याच गावात परके ठरतात.

याचा अर्थ पोर्तुगीज अंमलातील जुलूम झाकावा असा नाही. देवळे पाडली गेली, हिंदूंच्या धर्माचरणावर निर्बंध आले आणि गोव्याच्या धर्मन्यायालयाचा अधिकार वसईपर्यंत पोहोचत होता, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. अणजूरचे गंगाजी नाईक यांच्यासारख्या स्थानिक पुढाऱ्यांनी पेशव्यांशी संधान बांधले, त्यामागे हाच त्रास होता. मोहिमेची कथा त्यांच्यासाठी सुटकेची कथा होती आणि ती तशीच सांगितली पाहिजे. पण त्याबरोबर शरणागतीच्या करारात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्मपालनाची मुभा देण्यात आली, हेही सांगितले गेले पाहिजे. जेत्यांनी त्या वेळी स्थानिक ख्रिस्ती प्रजेला प्रजा म्हणूनच मानले. तेव्हाच्या करारात जे होते ते आजच्या निवेदनात गळू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

यावर उपाय सर्वनाम टाळण्याचा नाही. ‘आपण’ नसेल तर फेरीतील जवळीकच संपेल. उपाय कर्त्याला नाव देण्याचा आहे. “पेशव्यांच्या फौजेने येथून किल्ला घेतला. गंगाजी नाइकांसाठी तो सुटकेचा दिवस होता. तटाच्या आत राहणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांसाठी तो अनिश्चिततेचा होता.” अशा वाक्यांत इतिहासातील प्रत्येक समूह आपल्या जागी उभा राहतो आणि ‘आपण’ हा शब्द आज एकत्र चालणाऱ्यांसाठी मोकळा राहतो.

६. अध्ययन-अध्यापनातील उपयोग

पदव्युत्तर वर्गातील बखर, प्रवासवर्णन, लोकसाहित्य आणि भाषाविज्ञान या विषयांना वारसाफेरी हे क्षेत्रकार्य म्हणून जोडता येईल. त्यासाठी पुढील पद्धत उपयुक्त ठरावी. विद्यार्थ्यांचे दोन गट करून एकाने भूदरवाज्याकडून आणि दुसऱ्याने समुद्रदरवाज्याकडून फेरी करावी. निवेदकाच्या संमतीने निवेदन ध्वनिमुद्रित करून त्याचे जसेच्या तसे लेखन करावे. नंतर त्या संहितेत तीन गोष्टी मोजाव्यात : स्थलदर्शक शब्द, पुराव्याची प्रत दाखवणारी क्रियापदे आणि प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनामे. ‘येथे’, ‘समोर’, ‘त्या पलीकडे’ हे शब्द वगळले तर संहितेचा किती भाग अर्थहीन होतो, हे पाहिले म्हणजे या प्रकाराचे स्थळावरील अवलंबन ध्यानात येते. दोन्ही गटांच्या संहिता शेजारी ठेवल्यास मार्गाने कथानक कसे बदलले हेही स्पष्ट होते.

यापुढची पायरी म्हणजे तिसऱ्या मार्गाची संहिता तयार करणे. किल्लाबंदर, पाचूबंदर आणि आसपासच्या गावांतील वृद्धांकडून किल्ल्याविषयीच्या आठवणी, म्हणी, गाणी आणि स्थलनामे त्यांच्या बोलीतच उतरवून घ्यावी लागतील. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’ने उत्तर कोकणातील गावे, कुळे आणि वहिवाटी यांचा इतिहास राजधानीबाहेरून कसा दिसतो हे दाखवून दिले होते. वसई-विरार परिसरातील वस्ती झपाट्याने बदलत असताना बोलींतील असे साहित्य जमा करण्याचे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. २००९ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहरात येणाऱ्या नव्या रहिवाशाला किल्ल्याची पहिली ओळख बहुधा अशा फेरीतूनच होईल. त्याला जी कथा सांगितली जाईल त्यावर तो शेजाऱ्याला कोणत्या सर्वनामात बसवतो हे ठरेल.

सारांश, वारसाफेरी ही चालत सांगितलेली संहिता आहे. तिचा मार्ग कथानक रचतो, तिची क्रियापदे पुराव्याची प्रत सांगतात आणि तिचे सर्वनाम समाज घडवते किंवा विभागते. वसईच्या कोटात दरवाजे दोन आहेत आणि बंदराची वाट तिसरी. श्रोत्यांना कोणत्याही वाटेने आत नेले तरी उरलेल्या दोन वाटा बोटाने दाखवणे हे निवेदकाचे कर्तव्य ठरते.